मद नेमका कुठे असतो?

भारतीय तत्त्वज्ञानातल्या सर्वांत बदनाम दाखल्याला दारूचा वास येतो. चार्वाकांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या तोंडून. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात ते खोडून काढण्यासाठी मांडलं, आणि चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’चं पहिलंच प्रकरण त्यांना दिलं. दोन्हीकडे दाखला तोच. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार भूतं सुटी असताना त्यांच्यात चैतन्य नसतं. ती देहाच्या रूपाने एकत्र आली की ते उपजतं. कसं? तर दारू ज्या द्रव्यांपासून होते त्यांत सुटेपणी मद नसतो, ती एकत्र आंबली की मदशक्ती येते, तसं. देह विस्कटला की चैतन्यही गेलं; मागे उरणारा, कुठे जाणारा, पुन्हा येणारा कोणी नाही. या दाखल्यावर आपल्याकडचे पंडित शतकानुशतकं तुटून पडले, पण दारूचा थेंब उघडून आत काय आहे हे पाहण्याची सोय त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती. चार्वाकांनाही नव्हती.

ती सोय आता आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात तर ती रोजच्या कामाची आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर या जिल्ह्याचा नकाशा उसाने बदलला. ऊस आला तिथे साखर आली, साखर आली तिथे मळी आली, आणि मळी आली तिथे डिस्टिलरी येणारच. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेटसारखी रसायनंही बनतात. अशा प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. तिथली माणसं त्याला नुसतं ‘जीसी’ म्हणतात. आणि याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं आपलं भाष्य सांगितलं. त्याच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटलं आहे आणि हे शेत नेमकं कोणाच्या मालकीचं, यावर वेगवेगळ्या मतांचा झगडा उभा केला आहे. चार्वाकांचा दाखला जीसीवर तपासला तर त्या झगड्यात कोणाची बाजू वरचढ ठरते, हा माझा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की चार्वाक आणि आत्मवादी या दोन्ही बाजूंना वाटतं तितकं त्यांच्या पदरात पडत नाही, कारण चैतन्य कोणत्या घटकात आहे असं विचारणंच फसवं आहे. आणि ते का फसवं आहे, हे यंत्राच्या कामाच्या पद्धतीतच दिसतं.

आधी यंत्राची पद्धत. नमुन्याचा एखादा मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, बारीक सिरिंजने एका तापलेल्या कक्षात टोचतात. तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि नायट्रोजन, हायड्रोजन किंवा हीलियमचा प्रवाह ती वाफ पुढे ढकलतो. पुढे असतो कॉलम: साधारण तीस मीटर लांबीची, आतून पाव मिलिमीटरच्या आसपास पोकळ अशी केसासारखी नळी, वेटोळं करून भट्टीत टांगलेली. तिच्या आतल्या अंगावर एका चिकट द्रवाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. अल्कोहोलच्या कामाला बऱ्याचदा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा. वाफेतला प्रत्येक रेणू काही वेळ वायूबरोबर पळतो, काही वेळ त्या थरात रेंगाळतो. आठवडी बाजाराच्या रस्त्याने सगळे एकदमच निघाले तरी ज्याला दर दुकानापाशी थांबायची सवय आहे तो शेवटी बाहेर पडतो. कॉलममध्ये वेगळेपण येतं ते असंच. टोकाला हायड्रोजनची छोटी ज्योत असते. कार्बनी पदार्थ तिच्यात जळला की विद्युतभारित कण तयार होतात, त्यांचा अतिक्षीण प्रवाह मोजला जातो आणि कागदावर एक शिखर उमटतं. प्रयोगशाळेच्या भाषेत पीक. टोचल्यापासून पीक येईपर्यंतचा वेळ पदार्थाची ओळख सुचवतो, पिकाखालचं क्षेत्रफळ त्याचं प्रमाण सांगतं. अँथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी १९५२ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मार्टिन यांना रिचर्ड सिंज यांच्यासोबत नोबेल मिळालं, ते मात्र विलगीकरणाच्या याआधीच्या कामासाठी. मळीच्या स्पिरिटचा एक रन पाहिला तर अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट, मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, आयसोब्युटेनॉल, आयसोअमाइल अल्कोहोल अशी मंडळी एकामागून एक हजेरी लावून जातात. इथेनॉलचं शिखर कागद फोडून वर जाईल इतकं उंच, बाकीची त्याच्या पायथ्याशी.

आता चार्वाकांचा दाखला या कागदावर ठेवून पाहू. मळी पाण्यात सारखी करून यीस्ट टाकण्याआधीचा नमुना एक आणि आंबवण पुरी झाल्यानंतरचा दुसरा. पहिल्यात इथेनॉलच्या जागी नाव घेण्याजोगं काही नाही. दुसऱ्यात ठळक पीक आहे. सुट्यात नव्हतं ते एकत्रात आलं, हे निरीक्षण खरंच निघालं. पण कसं आलं, हे पाहिलं की दाखला हातात फिरतो. साखर आणि यीस्ट शेजारी शेजारी बसल्यामुळे मद आला नाही. यीस्टने ग्लुकोजचा एक रेणू मोडून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू केले. नवा पदार्थ जन्मला; त्याला स्वतःचं सूत्र आहे, ७८.४ अंशांचा उत्कलनबिंदू आहे, कागदावर स्वतःची जागा आहे. चार्वाकांना मदशक्ती हा सगळ्या मिश्रणाचा गुण वाटत होता. जीसी म्हणतं, तो एका घटकाचा गुण आहे. बाकीची मंडळी बाटलीतून काढून टाकली तरी नशा येणारच. म्हणजे चैतन्य जर खरोखर मदासारखं असेल, तर ते देहाच्या जुळणीतून उपजलेलं नसून देहात असलेल्या, आणि तत्त्वतः देहापासून वेगळ्या काढता येणाऱ्या, एका खास द्रव्याचं काम ठरेल. हे तर आत्मवाद्याच्या घरचं बोलणं झालं! देहात आहे पण देह नाही, काढलं तर वेगळं निघतं, आणि बाकी सगळं राहूनही ते गेलं की खेळ संपला. चार्वाकांचा लाडका दाखला नीट उघडला तर तो शत्रूच्या छावणीत जाऊन बसतो, ही गंमत त्या काळच्या कोणाही वादपटूच्या हाती लागली असती तर त्याने सभा जिंकली असती.

पण आत्मवाद्याने एवढ्यात पेढे वाटू नयेत. मद इथेनॉलमध्ये आहे असं मी वर म्हटलं, ते तपासायला हवं. हेच इथेनॉल पाणी काढून पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि मोटारी त्यावर चालतात. इंजिनाला झिंग येत नाही. तेच दवाखान्यात जंतू मारतं, तेच साकरवाडीसारख्या ठिकाणी कच्चा माल असतो. मोटार वाहन कायद्याने चालकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, पण तेवढ्याच प्रमाणावर एकाची जीभ अडखळते आणि मुरलेल्या पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही. पिकाचं क्षेत्रफळ सारखं, मद वेगवेगळा. म्हणजे मद बाटलीत नाही. इथेनॉल मेंदूच्या पेशींवरच्या ठरावीक जागांना भिडतं तेव्हा मद घडतो. तो पदार्थाचा गुणधर्म म्हणण्यापेक्षा एक गाठभेट आहे, आणि गाठभेटीला दुसरी बाजू लागतेच.

विषाच्या बाबतीत हे जास्तच उघड होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातल्या पांगरमल गावात विषारी दारूने माणसं गेली. त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर बळी गेले. तिथे दारूच्या नावाखाली मिथेनॉल पाजलं गेलं होतं. अशा प्रकरणांत न्यायसहायक प्रयोगशाळा ज्या पुराव्यावर बोलते तो बहुधा याच यंत्राचा कागद असतो. इथेनॉलच्या थोडं आधी एक शिखर, मिथेनॉलच्या जागेवर. आपण म्हणतो, हे बघा विष. पण मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतातली जी यंत्रणा दारू पचवते तीच मिथेनॉलचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते, आणि डोळे जातात, जीव जातो तो त्या आम्लामुळे. मारणारी वस्तू बाटलीत नव्हतीच; ती मरणाऱ्याच्या शरीराने घडवली. याहून विलक्षण म्हणजे साधं इथेनॉल हा मिथेनॉलवरचा उतारा आहे. यकृतातल्या त्या एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल कितीतरी जवळचं; ते हजर असेपर्यंत मिथेनॉल रांगेत ताटकळतं. म्हणूनच दोन्हींची भेसळ प्यायलेला माणूस रात्री घरी चालत जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याला दिसेनासं होतं. दोन शिखरं सुटी वाचून त्यांच्या परिणामांची बेरीज केली तर हे गणित सुटत नाही. एक पीक दुसऱ्याचा परिणाम लांबवतं, आणि हे लांबवणं कागदावर कुठेच नसतं.

इथे भौतिकवादी मला अडवेल, आणि त्याचं अडवणं वाजवी आहे. तो म्हणेल, तुम्ही गाठभेट म्हणता ती तरी कशाची? इथेनॉल रेणू, एन्झाइम रेणू, पेशी रेणूंचीच. पुरेशी यंत्रं लावा, यकृत आणि मेंदूही उलगडून ठेवा, सगळी शिखरं आणि त्यांचे परस्परसंबंध मांडा. मग शिल्लक काय राहतं? विषाबाबत मी त्याचं म्हणणं ताबडतोब मान्य करतो. शिल्लक काही राहत नाही. फॉर्मिक आम्लाने पेशीचं श्वसन कसं कोंडतं हे समजलं की विषबाधा समजली. पण मदाबाबत एक अडचण उरते आणि ती चार्वाकांच्या दाखल्याच्या मुळाशी आहे. मद म्हणजे काय? झोक जाणं, जीभ जड होणं, प्रतिक्रिया मंदावणं हे बाहेरून मोजता येतं, फळमाशीवरही मोजतात. पण चढली म्हणजे कशी वाटते, ही गोष्ट जाणणाऱ्याची आहे. मद ही चैतन्याचीच एक अवस्था आहे. तेव्हा चैतन्य कसं उपजतं हे समजावण्यासाठी मदाचा दाखला देणं म्हणजे जे सिद्ध करायचं तेच उसनं घेऊन सिद्ध करणं. पिणारा आधी शुद्धीवर असल्याखेरीज दारूला मदशक्ती कशाची? भौतिकवाद चुकीचा आहे असं यातून निघत नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याने दारूचा दाखला सोडून दुसरं काही आणावं एवढंच निघतं. दाखला पडणं आणि सिद्धान्त पडणं यांत फरक आहे. आपल्याकडच्या वादांत तो फार वेळा गाळला गेला.

आता दुसरा मुद्दा, ओळखीचा. हे पीक इथेनॉलचं, हे यंत्राला कसं कळतं? त्याला कळत नाहीच. ज्योतीला जळणारा कार्बन कळतो, नाव कळत नाही. प्रयोगशाळेत आधी शुद्ध इथेनॉल टोचून त्याची वेळ नोंदवलेली असते. अज्ञात नमुन्यात त्याच वेळेला पीक आलं तर आपण अनुमान करतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचं तर वेळ हा हेतू आणि इथेनॉल असणं हे साध्य. आणि हा हेतू व्यभिचारी असू शकतो, कारण त्याच वेळेला बाहेर पडणारा दुसराच पदार्थही असू शकतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या कॉलमवर इथाइल अॅसिटेट इथेनॉलच्या आधी येतं. सिलिकोनसारख्या अध्रुवीय थराचा कॉलम लावला की तेच इथेनॉलच्या बऱ्याच नंतर येतं. उत्कलनबिंदूंत जेमतेम एका अंशाचा फरक, पण रस्ता बदलला की क्रमच उलटा. म्हणून रक्तातलं अल्कोहोल तपासताना दोन वेगळ्या स्वभावांचे कॉलम वापरण्याची शिस्त आहे. दोन्हींवर वेळ जुळली तरच नाव घ्यायचं. अजून शंका असेल तर पिकाला मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवून रेणूचे तुकडे पाहायचे. आणि नाव पक्कं झालं तरी अर्थ पक्का होत नाही. मृत्यूनंतर शरीरात जंतूंच्या आंबवणीने इथेनॉल तयार होऊ शकतं. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाच्या शवातही ते शिखर उभं राहू शकतं, आणि मग सोबत प्रोपेनॉलचं लहान पीक आहे का, नमुना कुठून व किती वेळाने घेतला, हे पाहून ठरवावं लागतं. म्हणूनच प्रेताच्या रक्तात मोजमापासाठी प्रोपेनॉल आपण होऊन मिसळायचं टाळतात, नाहीतर साक्षीदारच आरोपीच्या वेशात यायचा.

केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाला, ज्याने अनुमान नाकारलं म्हणून त्याचे विरोधक सांगतात, हा कागद वापरता येणार नाही. त्याला दिसते ती चढउतारांची रेघ. मिथेनॉल दिसत नाही. आजचा भौतिकवादी अनुमान मानतो, पण सवयीने त्याला प्रत्यक्षाचा दर्जा देऊन बसतो. ‘यंत्राने दाखवलं’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. यंत्राने दाखवलं ते अमुक कॉलमवर, अमुक तापमानाला, अमुक ज्योतीत, अमुक प्रमाण-नमुन्याशी ताडून. या अटी हा अहवालाचा पोटमजकूर नव्हे. त्या काढल्या तर अहवालात सांगण्यासारखं काही उरतच नाही.

यांतली ज्योत ही अट तर धर्मवाद्याच्या आवडत्या युक्तिवादाचं मर्म आहे. प्रवचनांतून, व्याख्यानांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: शास्त्रज्ञांनी देहाचं पृथक्करण केलं, सगळं मोजलं, पण आत्मा सापडला नाही, कारण तो मोजण्यापलीकडचा आहे. उलट बाजूचा माणूस त्याच आधारावर म्हणतो, सापडला नाही म्हणजे नाही. हे दोघंही एकाच ठिकाणी घसरतात, आणि ते ठिकाण आपल्या मीमांसकांनी फार पूर्वी खुणेचा दगड लावून ठेवलं आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि पुढे अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं: वस्तू न दिसण्यावरून तिचा अभाव कळतो. पण अट घातली, योग्य अनुपलब्धीची. वस्तू असती तर इथे, या साधनांनी, नक्की दिसली असती अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणजे घडा नाही असं होत नाही. जीसीच्या ज्योतीला पाणी दिसत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं; म्हणजे अर्ध्याहून जास्त बाटली या कागदावर येतच नाही. फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्लालाही ही ज्योत जवळपास आंधळीच आहे, म्हणजे मालवणीत ज्याने माणसं मारली तेच आम्ल तिला धड दिसत नाही; त्या आम्लाचा आधी एस्टर करून घ्यावा लागतो, मग ते पकडता येतं. तेव्हा शिखर नसणं म्हणजे वस्तू नसणं, हे विधान ज्योतीची पात्रता सिद्ध केल्यावरच करता येतं. नास्तिकाने हे ध्यानात घ्यावं. पण आस्तिकानेही घ्यावं, कारण ज्योतीला न दिसणारं पाणी दुसऱ्या साधनाने दिसतं. कार्ल फिशरच्या टायट्रेशनने ते थेंबाथेंबाने मोजतात. एका साधनाचं आंधळेपण हा वस्तूचा पुरावा नव्हे. जे कोणत्याच साधनाला, कोणत्याच अटीवर, कधीच दिसणार नाही असं आधीच जाहीर केलं, त्याच्या असण्याच्या बाजूनेही मग अनुपलब्धीचा आधार घेता येत नाही.

शंकराचार्यांचा प्रतिवाद याहून टोकदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरं नव्हे. ते म्हणतात, रूपासारखे देहाचे गुण देह आहे तोवर असतात. प्रेतातही देह आहे, पण चैतन्य नाही. मग ते देहाचा गुण कसं? शिवाय देहाचे गुण दुसऱ्यालाही दिसतात; माझी स्मृती, माझं जाणणं दुसऱ्याला दिसत नाही. यांतला पहिला मुद्दा आजच्या माहितीपुढे टिकत नाही असं माझं मत आहे. प्रेतातला देह तोच देह नसतो. रक्ताभिसरण थांबल्यापासून मिनिटांच्या हिशेबाने पेशींची जुळणी मोडत जाते, आणि जुळणी हाच तर चार्वाकांचा मुद्दा होता. भुलीच्या वाफा तर या बाबतीत जास्तच बोलक्या. ईथर किंवा हॅलोथेन ही उडून जाणारी साधी द्रव्यं, रक्तातलं त्यांचं प्रमाण जीसीवर मोजता येतं. ठरावीक पातळीला माणूस विझतो, ती उतरली की परत येतो. ज्याला एक बाष्पशील द्रव्य बंद-चालू करू शकतं ते देहावर अवलंबून नाही असं म्हणायला छाती हवी. पण अवलंबून असणं वेगळं आणि तिथे वसलेलं असणं वेगळं. शंकराचार्यांच्या प्रतिवादातला हा धागा मला पक्का वाटतो. आणि त्यांचा दुसरा मुद्दा, जाणणं दुसऱ्याला दिसत नाही हा, अजूनही उभा आहे. भूलतज्ज्ञ द्रव्याची पातळी पाहतो, नाडी पाहतो, मेंदूच्या लहरी पाहतो, आणि रुग्णाला काही जाणवतंय का हे त्यावरून अनुमानतो. फक्त, दिसत नाही म्हणून जाणणारा वेगळा, नित्य आणि साक्षी आहे, ही पुढची उडी शंकराचार्य घेतात तिथे मी थांबतो. गाठभेट बाहेरून पाहणं आणि गाठभेटीचा एक पक्ष असणं यांत फरक असणारच. त्या फरकासाठी तिसरा कोणी मानायची गरज मला दिसत नाही.

मग मी चार्वाकच झालो, असं कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी हो. देहावाचून चैतन्याची गाठ कुठे पडल्याचा पुरावा मला ठाऊक नाही, आणि असला पुरावा कोणत्या अटींवर ग्राह्य धरायचा हे सांगणारं आत्मवादी मांडणीतलं कलमही मला भेटलेलं नाही. पण चैतन्य भूतांत मावतं, घटकांची यादी पुरी झाली की तेही हिशेबात आलं, असं मानणारा चार्वाक मी नाही. इथेनॉलने आणि मिथेनॉलने तेवढं तरी शिकवलं आहे. यादी पुरी झाल्यावरही कोण कोणाला भिडलं, कोणी कोणाला रांगेत थांबवलं, हे सगळं सांगायचं राहतंच, आणि यादीतला कोणताही नग ते आपल्या नावावर लावून घेऊ शकत नाही.

नेवाशाच्या त्या तेराव्या अध्यायात क्षेत्रावर हक्क सांगणारे एकेक पुढे येतात. जीववादी म्हणतो शेत जिवाचं, प्राण तर त्याचं कूळ. प्रकृतिवादी म्हणतो प्रकृतीचं. कोणी संकल्पाचं म्हणतं, कोणी स्वभावाचं, कोणी काळाचं. प्रत्येक जण दुसऱ्याचा सातबारा खोटा ठरवतो. ज्ञानेश्वर पुढे क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा विवेक करतात, आणि ज्याला हे सारं जाणवतं त्याच्याकडे बोट दाखवतात. त्या विवेकाची मोठी गोष्ट अशी की क्षेत्राच्या यादीत त्यांनी नुसती महाभूतं आणि इंद्रियं ठेवली नाहीत. गीतेला धरून इच्छा, द्वेष, सुख, दुःख, अगदी चेतनासुद्धा क्षेत्रातच घातली. ज्यांना आपण सहज आत्म्याच्या खात्यावर लिहितो त्या कितीतरी गोष्टी इथे शेताच्या बाजूला येतात. एवढं काढून घेतल्यावर क्षेत्रज्ञाकडे जे राहतं ते एखादं द्रव्य असूच शकत नाही, त्याची शिखरात गणना करताच येणार नाही. इथवर मी त्यांच्या मागे जातो. भाविक वाचक पुढे म्हणतील की शिखर नसलेलं, अटी नसलेलं जे उरतं तेच परब्रह्म, आणि ते अनुभवाने कळतं, तर्काने नव्हे. अनुभवाला माझी ना नाही. फक्त अनुभवही कोणत्या तरी कॉलममधून येतो: कोणत्या साधनेत, कोणत्या संप्रदायात, कोणत्या अपेक्षेने, आणि ओळख पटवताना कोणाच्या वर्णनाशी ताडून. वेगळ्या वाटेने गेलेल्या साधकाला तोच अनुभव वेगळ्या क्रमाने येतो का, हे विचारणं अश्रद्धा मानलं जातं, पण रक्ताचा नमुना दोन कॉलमवर लावणाऱ्या तंत्रज्ञावर असा आरोप कोणी करत नाही. वारकरी, नाथपंथी, सूफी, जैन या सगळ्यांच्या वाटा याच जिल्ह्यातून गेल्या आहेत. मढीला कानिफनाथ आहेत, नेवाशाला ज्ञानेश्वर, आनंद ऋषींची समाधी नगर शहरात. नोंदी ताडून पाहायला दूर जायलाही नको.